ढिगाऱ्याचा खेळ

“पायात घाल म्हणतो ना. दोन मिनिटांचा प्रश्न आहे. झालं की काढून दे परत.”

भोजने सर बूट माझ्या तोंडापुढं धरून उभे होते. कॅनव्हासचे पांढरे बूट, सकाळीच खडू घासलेले. सरांची बोटं पण पांढरी झालेली. बूट कबड्डीच्या टीममधल्या विराजचे होते. विराज सरांच्या मागं बगळ्यासारखा एका पायावर उभा, का तर निदान दुसरा मोजा तरी मुरमाला लागू नये.

मी म्हणलं, “न्हाय घालणार.”

“दौलत, पाहुण्यांसमोर तमाशा नको.”

“मी कुठं करतोय? मी तर घमेलं घेऊन हितं उभा होतो. तुम्हीच आला हिकडं.”

सरांनी दात आवळले. पलीकडं टेबल मांडलेलं, त्याच्यावर शाळेतली फुलाफुलाची चादर. तिथं हेडसर बसलेले आन् त्यांच्या शेजारी तालुक्यावरनं आलेल्या मॅडम. दोघं आमच्याकडंच बघत होते. मग सरांचा आवाज एकदम खाली आला.

“बाळा, एवढं माझ्यासाठी कर.”

त्या ‘बाळा’नं माझं डोकं जास्त फिरलं. का फिरलं ते सांगायचं तर थोडं मागं जावं लागंल.

मी तवा आठवीत होतो. चार वर्षं झाली त्याला. आमची शाळा डोंगराच्या पायाला, मैदान नुसतं मुरमाचं. त्या मैदानातले खडे कधी सरतच न्हायत. आज वेचले की आठ दिवसांत नवे वर येतात, पाऊस पडला की अजून येतात. म्हणून ते वेचायला कायमची माणसं लागतात. ती माणसं आम्ही.

शनिवारी शाळा सकाळी सातला. पांढरा ड्रेस, पांढरे बूट. भोजने सर पीटीचे. प्रार्थना झाली की ते रांगांमधनं फिरायचे, बघायचे फक्त पायाकडं. तोंडात शिट्टी असायची, म्हणून बोलायचे न्हायत, नुसतं बोट करायचे. ज्याच्याकडं बोट केलं त्यानं घमेलं घ्यायचं आन् मैदानाच्या कडंला जायचं. बाकीचे कवायत करणार, मग कबड्डी खेळणार, आन् खडे त्यांच्या गुडघ्याला लागू नयेत म्हणून आम्ही ते गोळा करणार. ही शिक्षा न्हाय, सेवा हाय, असं सर म्हणायचे. मी एकदा विचारलं होतं, मग विराजला एखाद्या शनिवारी सेवा का देत न्हाय. त्या दिवशी कान लाल झाला.

माझे बूट सहावीतच फाटले होते. आई म्हणायची पाय वाढायचा थांबू दे, मग घेऊ. कौसरकडं बूट होते, पण तिच्या घरचे पांढऱ्या स्कर्टला न्हाय म्हणायचे, म्हणून ती रोजच्याच सलवारीत यायची. असं ज्याचं त्याचं काहीतरी. पण मला सगळ्यात जास्त राग सोपानचा यायचा. म्हणजे सोपानवर न्हाय, सोपानपायी. त्याच्याकडं ड्रेस होता, बूट होते, दर शनिवारी तो खडू घासून बूट असे पांढरे करायचा की डोळ्यात भरायचे. पण तो जाड होता. सर म्हणायचे, तू कवायतीत ओळ बिघडवतोस. तर हे बेणं एवढे बूट चकचकीत करून यायचं आन् गपगुमान घमेलं उचलायचं.

मी त्याला म्हणायचो, अरे मग बूट घासतोस कशाला.

तो म्हणायचा, “एखाद्या दिवशी सरांचा मूड असंल.”

खडे वेचता वेचता आमचा एक खेळ झाला. कुणी काढला असं न्हाय, झाला. आम्ही दोन बाजूला दोन ढीग करायचो. एकदा आमचा ढीग लवकर वाढंना म्हणून मी पलीकडच्या ढिगातला खडा चोरला, कौसरनं बघितलं आन् माझ्या पाठी लागली. तिथनं सुरू झालं. दोन बाजू, दोन ढीग. पळत जायचं, समोरच्याच्या ढिगातला एकच खडा मुठीत घ्यायचा, न शिवता परत यायचं. आम्ही त्याला ढिगारा म्हणायचो.

पहिल्यांदा आम्ही पण शिवला की बाद असंच खेळायचो. सोपान दरवेळी पहिला शिवला जायचा आन् कडंला जाऊन बसायचा. तिसऱ्या-चौथ्या वेळेला तो घमेलं घेऊन उठला. म्हणाला, “हितं पण बाहेरच बसायचं असंल तर मी नुसते खडेच वेचतो.”

 मग कौसर म्हणाली, ज्याला शिवलं त्यानं जागेवरच बसायचं, खडा मुठीतच ठेवायचा. आपल्यातलं कुणी जवळनं गेलं की खडा त्याच्याकडं टाकायचा. त्यानं झेलला की आपण उठलो.

त्या एका गोष्टीनं सोपान आमच्यातला सगळ्यात भारी खेळाडू झाला. तो मुद्दाम समोरच्यांच्या ढिगाला खेटून शिवून घ्यायचा, बसल्या जागेवरनं खडा असा अचूक टाकायचा की डोळे झाकून झेलावा, आन् उठला की ढीग हाताशीच. त्याला पळायलाच लागायचं न्हाय. पळायला आम्ही होतोच की.

आता सरांचं. त्या दिवाळीच्या सुट्टीनंतर सरांना जिल्ह्याला ट्रेनिंगला धाडलं. आले ते नुसते धुमसत आले. मैदानावर खुर्ची टाकून शिपाईमामांना सांगत होते, आन् आम्ही खडे वेचत ऐकत होतो. त्यांच्या पोरीच्या वयाची एक बाई म्हणे शिकवायला. तिनं पहिल्या दिवशी सगळ्यांच्या शिट्ट्या काढून घेतल्या आन् डब्यात ठेवल्या. मिशावाल्या पीटी मास्तरांना फुग्यांमागं पळवलं. खेळाचे नियम पोरांना करू द्या म्हणे. शिपाईमामा हसून लोळायला आले. सर म्हणाले, आता म्हातारपणी मी फुगे फुगवतो.

पण त्या बाईनं एक काहीतरी त्यांच्या डोक्यात घातलं होतं. ते आम्हाला नंतर त्यांनीच सांगितलं. ती म्हणाली होती, तुमच्या तासाला सगळ्यात कोपऱ्यात जी पोरं असतात, त्यांच्याजवळ एक तास जाऊन बसा आन् तोंड उघडू नका.

तर एका शनिवारी सर कबड्डी लावून देऊन आमच्याकडं आले. आम्ही खेळत होतो. आम्ही ताडकन थांबलो, मला वाटलं आता कान गेला. सर बाभळीखाली उकिडवे बसले, हातानंच म्हणाले, चालू द्या. कोण खेळतंय अशात. पण सोपान समोरच्या ढिगाजवळ अडकून बसला होता, त्याला सोडवणं भाग होतं. मी पळालो. आन् एकदा पळालो की सर हायत हे विसरलो.

तास संपत आला तवा सर म्हणाले, “मला घ्या.”

कौसर म्हणाली, बूट घसरतात सर मुरमावर. तर सरांनी बूट काढले. मोजे आत कोंबून बाभळीखाली ठेवले आन् अनवाणी आले. तळपाय असे मऊ, पांढरेफटक, की प्रत्येक खड्याला माणूस तोंड वाकडं करत होता. बाजू नव्यानं पाडल्या, आन् दुसऱ्याच फेरीला त्यांना सोपाननं शिवलं. आता सर बसणार का न्हाय, सगळे बघत राहिलो. सर बसले. एवढा मोठा माणूस मुरमात मांडी घालून, मुठीत खडा घेऊन, आन् वरडतोय, “अरे न्या की कुणीतरी, मी हितंच मरू का?” मी जवळनं गेलो, त्यांनी टाकला, मी झेलला. सर उठले आन् हसले. दोन वर्षांत मी त्या माणसाला हसताना बघितलं नव्हतं.

त्यानंतर म्हैनाभर, जास्तच असंल, दर शनिवारी सर आमच्यात. शिट्टी खिशात. विचारायचे, ढीग अजून लांब ठेवले तर काय होईल? आन् विचारून गप बसायचे. मास्तर लोक विचारतात आन् सोताच उत्तर देतात. हे खरंच गप बसायचे, आम्ही भांडून ठरवेपर्यंत. एखादी गोष्ट कळली न्हाय तर कौसरला म्हणायचे, मला समजलं न्हाय, परत सांग. एवढीशी पोरगी त्यांना काडीनं मातीत काढून दाखवायची आन् ते मान हलवायचे. मी शाळेला दांड्या मारणारा, पण शनिवारी घंटेच्या आधी जाऊन बसायला लागलो. आईला वाटलं पोरगं सुधारलं.

मग सरांनी सांगितलं, मास्तर लोकांची एक स्पर्धा हाय, नवीन काय काय केलं ते दाखवायची. तालुक्याच्या मॅडम बघायला येणार. आपण ढिगारा दाखवायचा. सोपाननं विचारलं, आम्ही? सर म्हणाले, तुमचाच तर आहे खेळ, मग कोण दाखवणार.

हे ते म्हणाले. मी ऐकलंय. कौसरनं ऐकलंय. सोपान तर घरी जाऊन सांगून आला.

मॅडम येणार त्याच्या दोन दिवस आधी आम्ही वर्गाच्या खिडकीतनं बघितलं, मैदानावर विराजची टोळी. कबड्डीच्या टीममधली सगळी, पांढऱ्या ड्रेसात. खड्यांच्या जागी लाकडाचे रंगवलेले ठोकळे, लाल आन् निळे. सर त्यांना समजावून सांगत होते, शिवला की खाली बसायचं. गळ्यात शिट्टी परत आलेली.

सुट्टीत कौसर त्यांच्याकडं गेली, आम्ही तिच्या मागं. सर आमच्याकडं न बघताच बोलले. हेडसरांचं म्हणणं, गणवेश पायजे, फोटो निघणार, शाळेची इज्जत. सोपान म्हणाला, सर, माझा हाय गणवेश. सर त्याला म्हणाले, “पुढच्या वेळी नक्की.” मग म्हणाले, तुम्ही मैदान तेवढं चांगलं साफ करून द्या, मॅडमची गाडी आतपर्यंत येणार आहे.

आन् आम्ही दिलं की करून. आज मला ह्याचंच नवल वाटतं. त्या दिवशी पण घंटेच्या आधी गेलो आन् खडे वेचले. सोपाननं बूट घासले होते.

मॅडम आल्या. हार झाला, नारळ झाला. हेडसरांनी भाषण केलं, सगळी मुलं समान, खेळ सगळ्यांसाठी. आम्ही बाभळीखाली घमेली घेऊन उभे. मग सरांनी शिट्टी मारली आन् खेळ सुरू.

पहिला गडी पळाला, शिवला गेला. आन् सरांनी शिट्टी फुंकली, हात वर केला आन् बोट बाहेर. “बाद.”

त्यांचं त्यांना कळलंच न्हाय. वीस वर्षं तोच हात, तीच शिट्टी, समोर सायेब बसलेला. पांढऱ्या ड्रेसवाली पोरं पण कबड्डीतली. बोट बाहेर केलं की ती बाहेर जाऊन रांगेत बसणार. दुसरा शिवला, शिट्टी, बाद. तिसरा, बाद. माझ्याजवळ कौसर म्हणाली, सर विसरले.

मी म्हणलं, “विसरले न्हायत. शिट्टी तोंडात हाय त्यांच्या.”

बघता बघता मैदान रिकामं. विराज आन् अजून एक असे दोघं उरले आन् बाकीची कडंला मांडी घालून शिस्तीत बसलेली. मॅडमनी विचारलं, सर, ही मुलं बाहेर का बसली आहेत? सर म्हणाले, बाद झाली मॅडम. मॅडम म्हणाल्या, “ते दिसतंय. मग यात नवीन काय?”

सरांचा हात गळ्यातल्या शिट्टीकडं गेला.  आन् माझं तोंड काय ताब्यात राहात न्हाय. मी बाभळीखालनं वरडलो, “ढिगाऱ्यात बाद कुणीच होत न्हाय.”

मॅडमनी वळून बघितलं. कोण बोललं ते, म्हणाल्या, त्याला बोलवा, तो दाखवेल. हेडसर सरांच्या कानाला लागले. काय बोलले ते लांबनं ऐकू आलं न्हाय, पण हेडसरांचे डोळे माझ्या पायावर होते, ते दिसलं. मग सरांनी विराजला एक बूट काढ म्हणलं, दुसरा काढ म्हणलं, आन् ते घेऊन माझ्याकडं आले.

तर तिथं आम्ही उभे. ते म्हणतायत, बाळा, एवढं माझ्यासाठी कर.

मी म्हणलं, “सर, तुम्ही आमच्यात बूट काढून खेळलाय. हितंच ठेवले होते, ह्या बाभळीखाली.”

सरांनी बाभळीच्या बुंध्याकडं बघितलं.

“मी येतो,” मी म्हणलं, “पण सगळे येतो. कौसर, सोपान, सगळे. जसे हाय तसे. मग दाखवतो, लय भारी दाखवतो. तुमचंच नाव होईल.”

खरंच सांगतो, मी मनापासनं म्हणलं ते. रागानं म्हणलं पण मनापासनं. मला खेळायचं होतं. मॅडमपुढं सोपाननं बसल्या जागेवरनं खडा टाकावा, मी तो पळत झेलावा आन् हेडसरांनी बघावं, एवढंच मला पायजे होतं. सरांनी फक्त मान हलवायची होती.

सरांनी माझ्याकडं बघितलं, सोपानकडं बघितलं. वाटलं, हलवतात. मग त्यांनी मागं वळून हेडसरांकडं बघितलं. हेडसरांनी बसल्या जागेवरनं नुसती नकाराची मान केली, माशी उडवल्यासारखी. सर परत माझ्याकडं वळले आन् बूट अजून थोडे पुढं केले.

मी घमेलं उचललं. सकाळपासनं वेचलेले खडे, काठोकाठ. चालत मैदानाच्या मधोमध गेलो, मॅडमच्या टेबलासमोर, आन् तिथं ते पालथं केलं. हेडसर वरडायला लागले. मी गेटातनं बाहेर पडलो.

नंतर हेडसरांनी आईला बोलावून सांगितलं, पोरानं सगळ्या शाळेपुढं माफी मागायची, मग वर्गात बसायचं. आई रडली, मारलं पण तिनं मला. मी गेलो न्हाय. आधी हिकडं तिकडं केलं, आता दोन वर्षं झाली डेअरीच्या दुधाच्या गाडीवर हाय. सरांना बक्षीस मिळालं का न्हाय, मी विचारलं न्हाय कधी.

लोक मला म्हणतात, एवढ्याशा गोष्टीपायी कुणी शाळा सोडतं का. त्यांना वाटतं मला बुटाचा राग आला. ज्या मास्तरला येतच न्हाय, शिकायचंच न्हाय, त्याचा मला राग येत न्हाय. असले मी आठ वर्षं बघितले, भिंतीचा कुठं राग येतो. पण हा माणूस शिकला होता. मुरमात बसला होता आमच्यात. त्याला सगळं कळलं होतं, आन् कळून त्यानं ते बूट पुढं केले.

काल संध्याकाळी सर डेअरीवर आले. केस पार पांढरे झालेत. उन्हाळ्यात रिटायर होणार म्हणाले. परत कसलं तरी ट्रेनिंग झालं, आता वरनंच सांगितलंय, एकही पोरगं बाहेर बसता कामा नये. म्हणाले, ढिगारा परत मांडायचाय, पण माझ्या एकट्यानं होत न्हाय, हात आपोआप वर जातो. तू येशील का उद्या शनिवारी?

मी कॅन धूत होतो. विचारलं, “खडे कोण वेचतंय आता?”

सर स्कूटरची किल्ली बोटात फिरवत राहिले. मग म्हणाले, आहेत सात-आठ जण.

“नावं सांगा.”

मला वाटलं अडकतील. पण त्यांनी सांगितली. एकेकाचं नाव, बापाचं नाव, कुणाचे बूट फाटलेत, कोण कापऱ्या आवाजाचं म्हणून लाजतंय, सगळं, न थांबता. त्यानं मी अजून पेटलो. एवढं पाठ हाय ह्या माणसाला, आन् ती पोरं अजून कडंलाच.

जाताना ते म्हणाले, “बूट नसले तरी चालेल तुला.”

मी म्हणलं, “माझ्या पायाचं सोडा, तुमच्या पायाचं बोला.”

ते स्कूटर ढकलत गेले, चालू पण केली न्हाय.

आज शनिवार. दूध घालून झालंय. मी चपला घरी ठेवल्यात आन् घमेलं घेतलंय. बाभळीखाली जाऊन उभा राहणार आन् पहिलं सरांच्या पायाकडं बघणार, जसं ते आमच्या पायाकडं बघायचे. पाय उघडे असले तर खेळ मांडू. बूट असले तर घमेलं हाय.

सातची घंटा झाली. मला निघायला पायजे.